मोबाइलचा वेग आकड्यांत, विजेचा हिशेब अंधारात

नवी दिल्ली, विशेष प्रतिनिधी : देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेला प्रारंभ झाला, तेव्हा भारतातील मोबाइल इंटरनेटचा मध्यक वेग सेकंदाला १४ मेगाबिटच्या आसपास होता. ‘ऊकला’ या वेगमापन संस्थेच्या आकडेवारीनुसार ऑगस्ट २०२३ पर्यंत तो ५० मेगाबिटवर पोहोचला आणि जागतिक क्रमवारीत भारताने ११९व्या स्थानावरून ४७व्या स्थानापर्यंत झेप घेतली. फेब्रुवारी २०२५ अखेर देशात ५जीची सुमारे ४ लाख ६९ हजार बेस स्टेशन उभी राहिली होती आणि ९९.६ टक्के जिल्ह्यांत ही सेवा पोहोचली होती. इतक्या अल्पावधीत एवढे जाळे उभारणे ही निर्विवादपणे मोठी कामगिरी आहे. मात्र या वेगासाठी नेमकी किती वीज खर्ची पडते, या प्रश्नाला तितकेच नेमके आणि ग्राहकाला समजेल असे उत्तर मिळत नाही.

या प्रश्नाचा संबंध पर्यावरणाशी आहे, तसाच तो ग्राहकाच्या खिशाशीही आहे. मोबाइल जाळे चालवण्याच्या खर्चात ऊर्जेचा वाटा साधारणपणे २० ते ४० टक्के असतो, असे ‘जीएसएमए’ या मोबाइल उद्योगाच्या जागतिक संघटनेने नमूद केले आहे. हा खर्च आज ना उद्या रिचार्जच्या दरात उतरतो. शिवाय वीजपुरवठा खंडित झाल्यावर गावातील टॉवर किती तास तग धरेल, हेही त्याच्या वीजवापरावरच ठरते. ५जीचा विस्तार सुरू असताना आणि ६जीची चर्चा रंगात आली असताना, वेगाबरोबर ऊर्जेचाही हिशेब उघडपणे मांडला जाणे म्हणूनच गरजेचे झाले आहे.

वेग वाढवण्याचे दोन मार्ग

वेग आणि ऊर्जा यांचे नाते अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून उलगडते. एखाद्या बिनतारी मार्गावरून जास्तीत जास्त किती वेगाने माहिती पाठवता येईल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, वापरासाठी उपलब्ध असलेल्या स्पेक्ट्रमच्या पट्ट्याची रुंदी. आणि दुसरी, पार्श्वभूमीवरील गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची शक्ती. मात्र या दोहोंचा परिणाम सारखा होत नाही.

उदाहरणार्थ, १० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा असेल आणि संदेशाची शक्ती गोंगाटाच्या १५ पट असेल, तर सैद्धान्तिक कमाल वेग सेकंदाला ४० मेगाबिट येतो. तो दुप्पट म्हणजे ८० मेगाबिट करायचा झाल्यास पट्टा २० मेगाहर्ट्झचा करून प्रक्षेपणाची शक्ती दुप्पट करणे, हा एक मार्ग झाला. पट्टा आहे तेवढाच ठेवून केवळ शक्ती वाढवायची म्हटल्यास मात्र ती तब्बल १७ पट करावी लागते. स्पेक्ट्रम अपुरा असेल तर वेगाची किंमत विजेच्या रूपात चुकवावी लागते, ती अशी.

जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या लिलावात दूरसंचार कंपन्यांनी सुमारे १ लाख ५० हजार कोटी रुपयांच्या स्पेक्ट्रमवर बोली लावली, त्यामागेही हेच गणित होते. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी देशभर मोठ्या प्रमाणात स्पेक्ट्रम मिळवला. ४जीच्या काळात एका वाहक लहरीची कमाल रुंदी २० मेगाहर्ट्झ असे; येथे ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत नेता येते. त्यामुळे वेगाची मोठी झेप तुलनेने कमी ऊर्जेत शक्य झाली.

तथापि, या पट्ट्याची एक मर्यादा आहे. उच्च वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचत नाहीत आणि भिंतींमधून आत शिरताना क्षीण होतात. त्यामुळे तेवढाच प्रदेश व्यापण्यासाठी अधिक ठिकाणी उपकरणे बसवावी लागतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात, घरांतही चांगल्या पोहोचतात. पण त्या पट्ट्यात उपलब्ध असलेली रुंदी थोडी आहे. दूरवर पोहोच हवी की प्रचंड वेग, या निवडीत विजेचा खर्चही दडलेला असतो.

टॉवर आणि ग्राहक यांच्यातील अंतराचा भार फोनच्या बॅटरीवरही पडतो. संकेत क्षीण असेल तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली प्रक्षेपणशक्ती वाढवतो आणि बॅटरी लवकर उतरते. याउलट चांगल्या संकेतात वेगवान जोडणी मिळाली, तर फाइल चटकन उतरवून फोनचा रेडिओ भाग पुन्हा विश्रांती घेऊ शकतो. म्हणजे जाळ्याच्या टोकाला वेग हा ऊर्जाबचतीचा मित्रही ठरू शकतो.

दर जीबीमागे बचत, एकूण वापरात वाढ

५जीच्या समर्थनार्थ दिली जाणारी कार्यक्षमतेची आकडेवारी खोटी नाही. नोकिया आणि टेलिफोनिका यांनी २०२० मध्ये केलेल्या संयुक्त अभ्यासात, तेवढाच डेटा वाहून नेण्यासाठी ५जी जाळ्याला ४जीच्या तुलनेत ९० टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा लागू शकते, असा निष्कर्ष निघाला होता. अनेक अँटेना एकत्र वापरून लहरींचा झोत थेट ग्राहकाच्या दिशेने वळवण्याचे तंत्र यात महत्त्वाचे ठरते. चारही दिशांना प्रकाश फेकणाऱ्या दिव्याऐवजी हवे तेथे विजेरीचा झोत टाकावा, तसा हा प्रकार आहे.

परंतु ही बचत दर जीबीमागची आहे. देशाचे एकूण वीजबिल ठरते ते दर जीबीमागचा खर्च आणि एकूण जीबी यांच्या गुणाकारातून. सरकारी आकडेवारीनुसार मार्च २०१४ मध्ये भारतातील ग्राहक महिन्याला सरासरी सुमारे ६२ मेगाबाइट डेटा वापरत असे. डिसेंबर २०२४ मध्ये हे प्रमाण २१ जीबीच्या पुढे गेले. ही वाढ जवळपास साडेतीनशे पट आहे. याच काळात एका जीबीचा दर सुमारे २६९ रुपयांवरून ९ रुपयांच्या आसपास आला. या घसरणीत तंत्रज्ञानाच्या कार्यक्षमतेचा वाटा आहे, तसाच कंपन्यांमधील स्पर्धेचाही आहे.

इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत असेच निरीक्षण नोंदवले होते. वाफेची यंत्रे अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला. कारण तेच काम स्वस्तात होऊ लागल्यावर यंत्रांचा वापर अनेक ठिकाणी सुरू झाला. मोबाइल डेटाच्या बाबतीत त्याचीच पुनरावृत्ती होताना दिसते. ५जीच्या लहरींवरून घराला इंटरनेट पुरवणारी सेवा हे त्याचे ताजे उदाहरण आहे. नोकियाच्या २०२५ च्या अहवालानुसार अशा जोडणीचा ग्राहक सरासरी मोबाइल ग्राहकाच्या १२ पट डेटा वापरतो. शहरातील दाट वस्तीत हेच काम प्रकाशीय तंतूच्या केबलमधून होऊ शकते आणि ते ऊर्जेच्या दृष्टीने किफायतशीर असते. दुर्गम भागात मात्र खोदकाम महाग व वेळखाऊ असल्याने बिनतारी जोडणीला पर्याय उरत नाही. दोन्ही परिस्थितींना एकच मोजपट्टी लावणे योग्य ठरणार नाही.

रिकाम्या जाळ्याचाही खर्च

मोबाइल जाळ्याच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास तीन चतुर्थांश ऊर्जा टॉवरवरील रेडिओ यंत्रणेत खर्च होते. विशेष म्हणजे, ग्राहक डेटा वापरत नसतानाही हा खर्च पूर्णपणे थांबत नाही. ४जीच्या रचनेत बेस स्टेशनला दर मिलिसेकंदाला संदर्भ संकेत प्रसारित करावे लागतात. मध्यरात्री गाव झोपलेले असले तरी टॉवर ‘मी येथे आहे’ असे सतत सांगत राहतो. यंत्रणेला झोप घेण्यासाठी उसंतच मिळत नाही.

५जीच्या मानकांत ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर करण्यात आली. अशा संकेतांमधील अंतर सर्वसाधारणपणे २० मिलिसेकंद आणि कमाल १६० मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येते. मधल्या वेळात प्रवर्धक बंद ठेवून वीज वाचवता येते. आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या संस्थेने आपल्या १८व्या आवृत्तीत जाळ्याच्या ऊर्जाबचतीसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत.

दुसरीकडे, ५जीच्या एका अँटेना संचात ३२ किंवा ६४ प्रक्षेपक-ग्राहक साखळ्या असतात. गर्दीच्या वेळी त्या उत्तम काम देतात. पण ग्राहक मोजकेच असतील, तर तीच यंत्रणा दर जीबीमागे महाग पडते. चीनमधील लुओयांग शहरात वीजखर्च आवरण्यासाठी ५जीची काही बेस स्टेशन रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत निद्रावस्थेत ठेवण्यात आल्याचे वृत्त ऑगस्ट २०२० मध्ये जगभर गाजले होते. ज्या ९० टक्के बचतीचा उल्लेख होतो, ती पुरेशी रहदारी असलेल्या जाळ्यातच पूर्णपणे हाती येते.

भारतात आणखी एक गुंतागुंत आहे. येथे २जी, ४जी आणि ५जी ही जाळी एकाच वेळी चालू आहेत. साध्या फोनवर अवलंबून असलेल्या कोट्यवधी ग्राहकांसाठी काही कंपन्यांना २जी सेवा सुरू ठेवावी लागते. नवे जाळे कितीही कार्यक्षम असले, तरी जुने बंद होत नाही तोवर त्याचा वीजखर्च जुन्याच्या जागी न येता जुन्यावर भर घालतो. मात्र जुने जाळे घाईने बंद केल्यास त्याचा फटका सर्वांत गरीब ग्राहकाला बसेल. स्वस्त ४जी फोनची उपलब्धता हा त्यामुळे ऊर्जाधोरणाचाही भाग ठरतो.

छोट्या बचतीचे मोल किती, हे साध्या हिशेबाने समजू शकते. ४ लाख ६९ हजार बेस स्टेशनपैकी प्रत्येकी सरासरी केवळ १०० वॉट वीज वर्षभर वाचवता आली, तर वार्षिक बचत सुमारे ४१ कोटी युनिट होईल. देशातील वीजनिर्मितीत एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, हे लक्षात घेतल्यास ही बचत जवळपास २ लाख ९० हजार टन उत्सर्जनाइतकी भरेल.

डिझेलकडून सौरऊर्जेकडे

भारतातील टॉवरचा ऊर्जाप्रश्न दीर्घकाळ डिझेलशी जोडलेला राहिला आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’ने २०११ मध्ये केलेल्या शिफारशींत टॉवरसाठी दरवर्षी सुमारे २०० कोटी लिटर डिझेल जाळले जात असल्याचा अंदाज मांडला होता. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश जारी केले. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील किमान ५० टक्के आणि शहरी भागातील २० टक्के टॉवर नवीकरणीय ऊर्जेची जोड असलेल्या संमिश्र विजेवर चालवावेत आणि २०२० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७५ व ३३ टक्क्यांवर न्यावे, असे त्यात म्हटले होते. २०२० ची मुदत उलटून गेली, तरी डिझेल पूर्णपणे हद्दपार झालेले नाही.

या दिरंगाईमागे खर्चाच्या वाटणीचाही वाटा आहे. अनेक टॉवर स्वतंत्र टॉवर कंपन्यांच्या मालकीचे असतात आणि मोबाइल कंपन्या तेथे भाड्याने उपकरणे लावतात. वीज व डिझेलचा खर्च टॉवर कंपनी भाड्याव्यतिरिक्त वसूल करते. ज्याने सौरपट्ट्या आणि बॅटरीत गुंतवणूक करायची, त्याला बचतीचा पूर्ण लाभ मिळेलच असे नाही. आणि ज्याला लाभ मिळणार, त्याची टॉवरवर मालकी नसते. करारांत बचतीची वाटणी स्पष्ट झाल्याखेरीज हा पेच सुटणार नाही.

खुल्या बाजारातून हरित वीज खरेदी करण्याच्या नियमांचा अनुभवही बोलका आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठीची पात्रता १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली. एकट्या टॉवरचा भार मात्र काही किलोवॉटच असतो. २०२३ मधील दुरुस्तीने एकाच विद्युत विभागातील अनेक जोडण्यांचा भार एकत्र धरण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे विखुरलेल्या टॉवरसाठी हे दार उघडले. तरीही विभागाची सीमा कायम असल्याने, टॉवर विरळ असलेल्या ग्रामीण भागात १०० किलोवॉटचा आकडा गाठणे कठीण जाते.

आशादायक उदाहरणेही आहेत. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून भारत संचार निगमच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले. त्यातील सुमारे १८ हजार ९०० टॉवर सौरऊर्जेवर आधारित असून २६ हजार ७०० हून अधिक गावांना त्यामुळे जोडणी मिळणार असल्याचे सरकारने म्हटले आहे. नक्षलग्रस्त भागांतील २ हजार ३४३ ठिकाणच्या २जी सेवेचे ४जीत रूपांतर करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली होती. या योजनेतील दहा राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यात रस्ते बंद होतात, तेव्हा डिझेल पोहोचवणे हेच मोठे आव्हान असते. अशा ठिकाणी कमी विजेवर चालणारे उपकरण हीच अखंड सेवेची पहिली अट ठरते.

संकटकाळातील परीक्षा

टॉवरचा वीजवापर आणि नागरिकांची सुरक्षितता यांचा संबंध चक्रीवादळांच्या वेळी ठळकपणे समोर येतो. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ धडकलेल्या ‘फनी’ आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर वीज गेली आणि त्यापाठोपाठ अनेक ठिकाणी मोबाइलही मुके झाले. मदत मागण्यासाठी आणि नातेवाइकांची खुशाली कळवण्यासाठी संपर्काची सर्वाधिक निकड असताना तो तुटला.

समजा, टॉवरवरील बॅटरीत १२ युनिट वीज साठवलेली आहे. भार २ किलोवॉट असेल, तर ती ६ तास पुरेल. ५जीची उपकरणे जोडल्याने भार ३ किलोवॉट झाला आणि बॅटरी तेवढीच राहिली, तर सेवा ४ तासांतच बंद पडेल. यावर उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वीज जाताच अतिवेगवान थर आपोआप बंद करून केवळ दूरवर पोहोचणारी मूलभूत सेवा चालू ठेवता येते. अशा प्रसंगी वेग सोडून संपर्क टिकवणे, हेच शहाणपणाचे ठरते. किनारपट्टी आणि पूरप्रवण जिल्ह्यांसाठी अशी व्यवस्था बंधनकारक करण्याचा विचार व्हायला हवा.

मोजमापाचा खरा प्रश्न

कंपन्या आपल्या ऊर्जेची माहिती देतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भांडवल बाजार नियामक ‘सेबी’च्या नियमांनुसार आघाडीच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सादर करावा लागतो. त्यात एकूण ऊर्जावापर आणि उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे लागलेली ऊर्जा नमूद करणे आवश्यक आहे.

अडचण या दुसऱ्या निर्देशांकात आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी मोबाइल दरांत साधारण १० ते २७ टक्क्यांपर्यंत वाढ केली. दर वाढले की उलाढाल वाढते आणि एक युनिटही न वाचवता प्रति रुपया ऊर्जेचा आकडा सुधारलेला दिसतो. ग्राहकाने जादा पैसे मोजले, म्हणून जाळे कार्यक्षम झाले, असा विचित्र अर्थ त्यातून निघू शकतो. शिवाय टॉवर कंपनीच्या आणि मोबाइल कंपनीच्या अहवालांत ऊर्जा विभागली जाते. काही ठिकाणी दूरसंचार व्यवसाय मोठ्या उद्योगसमूहाचा एक भाग असतो. परिणामी दोन जाळ्यांची सरळ तुलना सामान्य वाचकाला करता येत नाही.

२०१२ च्या निर्देशांतही कंपन्यांनी आपल्या जाळ्याच्या कार्बन उत्सर्जनाची माहिती नियामकाला देण्याची अपेक्षा होती. मात्र नियामकाला दिलेली माहिती आणि ग्राहकासमोर तुलनात्मक स्वरूपात मांडलेली माहिती यांत मोठे अंतर आहे. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित केलेल्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक परिमंडळात एक जीबी डेटा वाहून नेण्यासाठी लागलेली वीज, त्यातील डिझेलचा वाटा आणि कमी रहदारीच्या वेळी उपकरणांनी घेतलेल्या विश्रांतीचे प्रमाण, हे तीन आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करता येतील. शहरी व ग्रामीण आकडे वेगळे ठेवावे लागतील. अन्यथा विरळ वस्तीत सेवा देणारी कंपनी विनाकारण अकार्यक्षम ठरेल.

ही त्रुटी केवळ भारतीय नियमांची नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये ५जीसाठी किमान तांत्रिक अपेक्षा निश्चित केल्या, त्यात कमाल वेगासाठी सेकंदाला २० गिगाबिट असा स्पष्ट आकडा होता. ऊर्जा कार्यक्षमतेबाबत मात्र उपकरणांना अधिक प्रमाणात आणि अधिक काळ निद्रावस्था घेता यावी, एवढेच म्हटले होते. त्यासाठी कोणताही आकडा ठरवण्यात आला नाही. ज्याला आकडा मिळाला त्याची स्पर्धा लागली. ज्याला मिळाला नाही ते प्रत्येकाच्या सदिच्छेवर राहिले.

६जीच्या आराखड्यात शाश्वततेला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे आणि मार्च २०२३ मध्ये ‘भारत ६जी व्हिजन’ जाहीर करून भारतानेही मानकनिर्मितीत सहभागी होण्याची आकांक्षा व्यक्त केली आहे. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाच्या मसुद्यात या क्षेत्राचे कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट गाठले गेले की नाही, हे ठरवण्यासाठी कोणत्या वर्षापासून, कोणाची आणि कोणत्या एककात मोजणी करायची, याची स्पष्टता आधी लागेल. तसे न झाल्यास २०१२ च्या निर्देशांप्रमाणे हीदेखील एक मुदत येईल आणि निघून जाईल. देशातील सर्वांत वेगवान जाळे कोणाचे, हे ग्राहकाला आज जाहिरातीतून कळते. सर्वांत काटकसरीने चालणारे जाळे कोणाचे, हेही त्याला कळू लागेल तेव्हाच कंपन्यांमध्ये त्या काटकसरीची स्पर्धा सुरू होईल.